मैनेचा नवरा बोलू लागला

परळच्या गिरणीचा भोंगा झाला की बाहेर पडणाऱ्या गर्दीत बायको गावी ठेवून आलेलेच जास्त असत. एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचं, खानावळीत जेवायचं, पगार झाला की मनिऑर्डर धाडायची. अण्णाभाऊ साठ्यांची मैनेची छक्कड, 'माझी मैना गावाकडं राहिली', ऐकताना आधी हे आठवावं; संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्यानंतर.

छक्कड ही लावणीचीच लेक, आणि विरह लावणीला नवा नाही. पेशवाईत शाहीर होनाजी-प्रभाकरांच्या लावण्यांत नवरा मोहिमेवर असतो आणि ती माडीत झुरते. झुरायचं बाईनं, रचायचं पुरुषानं! हाच रिवाज पठ्ठे बापूरावांच्या तमाशापर्यंत चालत आला. बापूराव वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. अण्णाभाऊ (जन्म १९२०) त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे. ढोलकी काही त्यांना मुंबईनं दिली नाही. मुंबईनं दिली ती गिरणी आणि कम्युनिस्टांचा लाल बावटा.

१९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांचं लालबावटा कलापथक उभं राहिलं. गणात गणपतीच्या जागी मातृभूमी आणि कष्टकरी आले, गवळण गेली, वग तेवढा राहिला. तमाशाला लोकनाट्य म्हणू लागले ते इथून. हे सगळं अभ्यासक सांगतातच. छक्कडीतला बदल मला त्याहून मोठा वाटतो, कारण तो कानाला चटकन कळत नाही. चाल ओळखीची, ढोलकी-तुणतुणं ओळखीचं, झीलकऱ्यांचं 'जी जी' तेच. फक्त आता झुरतो तो घर सोडून आलेला बाप्या. आधी तो फडातल्या लावणीसारखं बायकोचं रूप सांगतो, मग मुंबईतली श्रीमंती आणि आपली उपाशी वणवण. कामगार मैदानावर बसलेल्याला हे कुणी समजावून द्यायला नको होतं.

मग गाणं वळतं. नवरा-बायकोची ताटातूट होता होता सीमाभागाची होते: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव. भाषणं याच भागाला उचलून धरतात. पण गावच्या बायकोच्या विरहाचं दुःख आधी खरं वाटलं नसतं, तर नकाशाचं कोण ऐकून घेणार होतं?

पुढे विठ्ठल उमपांच्या गळ्यातून ही छक्कड नव्या पिढीपर्यंत पोचली. १ मे १९६० ला मुंबई मिळाली. परळचा बाप्या आता महाराष्ट्राच्या राजधानीत होता. छक्कडीतली ती चारही नावं मात्र राज्याबाहेर राहिली, आणि त्याची बायको गावीच.