चिलखत, बेगड आणि खिळ्यांचा पट्टा

 

२०२५च्या दिवाळीत मुलीचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे गावी आला तो एक भलंमोठं खोकं घेऊनच. मला वाटलं फटाके. उघडून बघते तर पांढऱ्या प्लॅस्टिकचे वाकडेतिकडे तुकडे, एखादं मोठं कासव सोलून ठेवावं तसे. म्हणाला, "आजी, हे चिलखत आहे. अंतराळातल्या शिपायाचं. सुटे भाग येतात, आपण जोडायचे." मुंबईत या मंडळींचा मेळावा भरतो म्हणे, कॉमिक कॉन नावाचा. आपल्या देशात २०११ साली दिल्लीत सुरू झाला. तिथे आवडत्या पात्राचा वेष करून जायचं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये पसारा मांडायला जागा नाही, म्हणून आजीचा ओटा!

आता इतिहासाची मास्तरीण गप्प कशी बसणार? मी विचारलं, हे आलं कुठून? १९७७ साली 'स्टार वॉर्स' नावाचा अमेरिकन सिनेमा आला, त्यातल्या शिपायांचा हा वेष. सिनेमा अमेरिकन असला तरी शिरस्त्राणं १९७६ साली लंडनजवळ ट्विकनहॅमला अँड्र्यू एन्सवर्थ नावाच्या माणसाने साच्यावर काढली. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. पत्रा साच्याला घट्ट बसतो. पेणच्या गणपतींचा साचा ज्याने पाहिला आहे त्याला हे समजायला वेळ लागत नाही. गंमत पुढेच आहे. या एन्सवर्थने पुढे जुने साचे वापरून शिरस्त्राणं विकायला काढली तेव्हा सिनेमावाल्यांनी त्याला कोर्टात खेचलं. शिरस्त्राण हे 'शिल्प' आहे की नुसती वापरायची वस्तू, यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि २०११ साली निकाल लागला की ते शिल्प नाही, सिनेमातलं सामान आहे. म्हणजे तिथल्या कायद्याने त्याला शिल्पकलेचं संरक्षण नाही. हे वाचून मला आमच्या गॅदरिंगच्या ढाली आठवल्या. त्यांना शिल्प म्हणण्याचं धाडस तर आमच्या हेडमास्तरांनीही केलं नसतं.

असो. काम सुरू झालं. प्रत्येक तुकड्याच्या कडेला जास्तीचं प्लॅस्टिक असतं. ते कात्रीने कापायचं नाही, पात्याने रेघ ओढायची आणि मोडायचं, मग पॉलिश पेपरने घासायचं. ते माझ्याकडे आलं. दोन अर्धे जोडायचे तर आतून पट्टी लावून गोंद भरायचा, लोहचुंबकाने दाबून ठेवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. हे सगळं बेताचं निघालं गोऱ्या माणसाच्या अंगाचं! नातू माझ्यासारखाच किरकोळ, छातीचा भाग त्याच्यावर सुपासारखा दिसे. मग पातेल्यात पाणी उकळून त्यात प्लॅस्टिक बुडवून वाकवलं. (पातेलं नंतर चहाला वापरलं नाही, सुनेने नोंद घ्यावी.) एकदा तर डाव्या पोटरीचा अर्धा भाग उजवीला चिकटवून बसलो. तो सोडवण्यात नरकचतुर्दशी गेली.

हात चालत होते आणि मन पन्नास वर्षं मागे गेलं होतं. मी नोकरीला लागले तेव्हा दर वर्षी गॅदरिंगला 'अफझलखानाचा वध' असायचाच. आमचा तालुका शिवनेरीच्या शेजारचा, दुसरं काय बसवणार? पुठ्ठे वाण्याच्या दुकानातून, चिकटवायला कणकेची खळ आणि वर बेगड. चिलखत मात्र पुठ्ठ्याचं दिसत नाही, ते लवतं. मग सुतळीची सैल जाळी विणायची आणि चंदेरी रंगात बुडवून वाळवायची. लांबून हुबेहूब लोखंडाच्या कड्या. ही युक्ती मला नारायणगावच्या एका तमाशाच्या कपडेपटातल्या म्हाताऱ्याने सांगितली. वगात राजा, सरदार, राक्षस सगळेच लागतात, त्यांची पेटी म्हणजे शस्त्रागारच. एका वर्षी आमच्या खानाने लाकडी कट्यार जरा जोरातच चालवली आणि महाराज झालेल्या पोराच्या बरगडीवर वळ उठला. पोरगं रडलं नाही, पण नंतर मला म्हणालं, "बाई, खरं चिलखत असतं तर लागलं नसतं ना?"

या प्रश्नाचा मी तेव्हा नीट विचार केला नव्हता. १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाखाली जे घडलं त्यात आपण सगळे वाघनखांकडे बघतो. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली तर केवढी गर्दी! ती त्याच भेटीतली आहेत असं ते संग्रहालयही ठामपणे म्हणत नाही, तरीही गर्दी. पण सभासदाने बखरीत लिहिलं आहे ते पाहा. खानाचा वार आधी झाला, आणि तो अंगरख्याखालच्या चिलखतावर खरखरला. अंगाला लागला नाही. म्हणजे वाघनखांची पाळी आली ती चिलखताने आपलं काम केल्यावर. ते चिलखत कोणा कारागिराने केलं, किती दिवस लागले, कोणी विचारत नाही. एकेका कडीत चार कड्या ओवायच्या, कडीची टोकं चेपून भोक पाडून रिबीट मारायचा, अशा हजारो कड्या. मारणाऱ्या वस्तूचं नाव राहतं, वाचवणारीचं राहत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

सहलीला मुलांना पुण्याच्या केळकर संग्रहालयात नेलं की मी शस्त्रांपाशी मुद्दाम थांबायची. जुन्या टोपांना मागे कड्यांची झालर असते, मानेवर लोंबणारी. मुलं म्हणायची, बाई, ही शोभेला का? नाही रे बाबांनो, मानेला! आता ही झालर लक्षात ठेवा.

कारण ओट्यावर हे सगळं चाललेलं असताना गावात दिवाळी नव्हती. आमच्या गावापासून पिंपरखेड लांब नाही, तालुका शिरूर असला तरी ऊस आणि ओढे सारखेच. १२ ऑक्टोबरला तिथे साडेपाच वर्षांची मुलगी बिबट्याने नेली. दहा दिवसांनी शेजारच्या जांबूतला एक म्हातारी. २ नोव्हेंबरला पुन्हा पिंपरखेडला तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. मग वनखात्याने एका बिबट्याला गोळी घातली.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. आमच्या लहानपणी इथे बाजरी, मटकी, हुलगा. बिबट्या भीमाशंकरच्या जंगलातला, आमच्या पूर्वेकडच्या गावात तो गोष्टीतच. मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालव्याला पाणी आलं, पाण्याने ऊस आला, उसाने पैसा. मुलं शिकली ती त्याच पैशावर, माझीसुद्धा. आणि उसाच्या फडात बिबट्याला वर्षभर लपायला जागा मिळाली. आता उसातच जन्मलेल्या बिबट्यांना जंगल ठाऊक नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला २००२ साली त्यांच्यासाठी निवारा केंद्र काढावं लागलं. तेव्हा दोष बिबट्याचा की उसाचा की आमचा, हे मला विचारू नका. ज्याचं मूल गेलं त्याच्यापुढे हा प्रश्न काढायचाही नसतो.

त्याच नोव्हेंबरात पिंपरखेडच्या लोकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. बिबट्या मान धरतो म्हणून. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असाच पट्टा घालतात, टोकं बाहेर. टीव्हीवाले आले, फोटो सगळीकडे गेले. पुण्यामुंबईचे लोक हळहळले, काही हसलेही. सुंदरबनात १९८६च्या सुमारास मध गोळा करणारे डोक्यामागे माणसाच्या तोंडाचा मुखवटा बांधू लागले होते, वाघ पाठीमागून येतो म्हणून. तेव्हाही जगभर फोटो छापून आले होते.

आमच्या धाकट्या जाऊबाई पासष्टीच्या. दीर गेल्यापासून शेत त्याच बघतात. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची येते, मोटर चालू करायला विहिरीवर जायलाच लागतं. एका रविवारी त्या ओट्यावर टेकल्या. नातू पूर्ण वेषात उभा, पांढरा शुभ्र, शिरस्त्राण काखेत. त्यात दिसत काही नाही आणि घाम इतका येतो की आत छोटा पंखा बसवावा लागतो. जाऊबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आरं, समदं झाकलंस आन नरडं उघडंच?"

खरंच की. मानेला नुसती काळ्या कापडाची गुंडाळी. सिनेमात तेवढीच असते. नातू ओशाळला. त्या रात्री तो बराच वेळ जागा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने चामड्याचा जुना पट्टा शोधला, बैलाच्या सामानातला. बारीक खिळे आतून बाहेर ठोकले. खिळ्यांची डोकी गळ्याला टोचू नयेत म्हणून आतून चिलखताचं उरलेलं प्लॅस्टिक गरम पाण्यात वाकवून लावलं आणि त्यावर माझ्या जुन्या साडीची घडी शिवली. शिवण माझी. मागे वेल्क्रो, एका हाताने निघेल असं.

जाऊबाईंनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. "अक्का, म्या काय कुत्री हाय व्हय? लोकं काय म्हनतील?" मला उत्तर सुचेना. इतकी वर्षं शिकवलेलं सगळं, महाराजांचं चिलखत, टोपाची झालर, तोंडाशी आलं होतं. पण ज्या बाईला स्वतःच्या शेतात जायला गळ्यात खिळे घालावे लागतात तिला इतिहास काय सांगायचा? नातूच पुढे झाला. "धाकटी आजी, माझ्या चिलखताला मान नव्हती. तू सांगितलंस म्हणून कळलं. म्हणून हा भाग तुझा." त्या काही बोलल्या नाहीत. पट्टा पिशवीत टाकला आणि गेल्या.

तो मेळाव्याला जाऊन आला. फोटो पाठवले, अनोळखी लोक त्याच्याबरोबर उभे राहून हसताहेत. शेजारी तसाच वेष केलेली दोन पोरं, तिघांची माना उघड्याच!

रात्री लाईट आली की जाऊबाईंच्या घराचं दार वाजतं. बॅटरी, काठी, मागे शेजारचा पोऱ्या. परवा मी खिडकीतून बघत होते. डोक्यावरून पदर घेऊन तो गळ्याभोवती घट्ट गुंडाळला होता. पदर पुढून जरा उचललेला दिसत होता, एका रांगेत, खिळ्यांच्या टोकांवर.