काडतुसाचे पोट

बंदुकीचा इतिहास लिहिणारे नळीविषयी लिहितात, गोळीविषयी लिहितात, आणि ज्याच्या फौजेत ती होती त्या सेनापतीविषयी तर पानेच्या पाने लिहितात. पण बार उडाल्यावर जी पितळी पुंगळी खणकन बाहेर पडते, तिची दखल सहसा कोणी घेत नाही. मी इतिहासाचा विद्यार्थी, बंदूकबाज नव्हे. तरीही या उपेक्षित पुंगळीच्या पोटात मोठा इतिहास दडलेला आहे असे मला वाटते, आणि तोच आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ साल आठवते. एन्फील्ड बंदुकीचे ते काडतूस कागदाचे होते. शिपायाने ते दातांनी फोडावयाचे, आतली दारू नळीच्या तोंडातून ओतावयाची आणि वर गोळी ठासावयाची. चरबीच्या वार्तेने पुढे काय घडले ते सर्वश्रुत आहे. परंतु हा कागद म्हणजे दारूचा नुसता पुडा होता, भांडे नव्हते. बंदूक बुडाकडून भरावयाची असे ठरले, तेव्हा नवाच प्रश्न उभा राहिला : मागच्या फटीतून तप्त वायू शिपायाच्या तोंडावर येऊ नये म्हणून करावे काय? धातूची पुंगळी हे त्याचे उत्तर. बार उडताच ती फुगून भोवतालच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूची वाट अडवते; दाब उतरला की किंचित आकसून मोकळी होते.

हे काम पितळ उत्तम करते. पण तेही एकाएकी साधले नाही. इंग्लंडात वुलिच येथील बॉक्सर या लष्करी अधिकाऱ्याने १८६६ च्या सुमारास जे काडतूस सिद्ध केले, ते पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले होते. १८८५ साली सुदानच्या वाळवंटात अबू क्ली येथे मार्टिनी-हेन्री बंदुका ऐन लढाईत अडकल्या; रेती, उष्णता आणि हा कच्चा पत्रा यांनी मिळून घात केला. पुढे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पितळेची, एकाच तुकड्यातून ओढून काढलेली अखंड पुंगळी रूढ झाली.

तिलाही एक रोग जडला, आणि तो प्रथम ध्यानात आला आपल्याच देशात. पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली मंदावत, आणि काडतुसे घोड्यांच्या पागांत साठवली जात. पाऊस सरल्यावर पाहावे तो पुंगळ्यांना, विशेषतः गळ्याशी, तडे गेलेले! इंग्रजांनी या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असे नाव दिले. त्याचे कारण मात्र १९२१ साली उलगडले. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळ ओढताना त्याच्या अंगात कोंडून राहिलेला ताण, हे दोन्ही एकत्र आले की धातू फाटतो. उपाय म्हणजे पितळ बेताने तापवून तो ताण घालवणे. ठोकून ठोकून कडक झालेले भांडे भट्टीत घालून मऊ करणाऱ्या आपल्या तांबटाला हे सांगावयास नकोच.

दरम्यान दारूही बदलली होती. जुनी काळी दारू स्वभावाने सोशिक. पुंगळी भरेल एवढी घातली तरी सहसा निभावत असे. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू शोधली, आणि हिशेबच पालटला. या दारूचा गुण असा की दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणजे तिला कोंडणारी जागा थोडी जरी कमी झाली, तरी परिणाम थोडा राहीलच असे नाही. पुंगळीच्या पोटाला खरे महत्त्व आले ते येथून.

हे महत्त्व सर्वांत नीट ओळखले ते घरी काडतुसे भरणाऱ्या अमेरिकन नेमबाजांनी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्याने परवान्यावाचून दारूगोळा बनवता येत नाही. तिकडे हा हजारोंचा छंद आहे. त्याला योगायोगाचेही साहाय्य झाले. बर्डन या अमेरिकनाने काढलेली टोपीची पद्धत युरोपात रुजली, आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेत! बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यातून सळई घालून जळकी टोपी ढकलली की पुंगळी पुन्हा भरावयास मोकळी.

आता मुद्दा असा. लष्करातून आलेली स्वस्त पुंगळी आणि बाजारातली पुंगळी शेजारी ठेवा. बाहेरून दोन्ही सारख्याच. सारख्या असणे भागच आहे, कारण दोन्ही एकाच मापाच्या घरात बसावयाच्या आहेत. परंतु पितळ किती जाड ठेवावे हे ज्याचा त्याचा कारखाना ठरवतो. १९५२ चे ‘.३०८ विंचेस्टर’ आणि १९५४ चे ‘नाटो’ काडतूस जवळजवळ जुळी भावंडे. पण लष्करी पुंगळी सामान्यतः जाड, म्हणून पोटाने लहान. एखाद्या वाण्याने जाड बुडाचे माप वापरले तर आपल्याला धान्य कमी मिळते, एवढेच. येथे दारू तेवढीच राहते आणि जागा आक्रसते; तोटा सोसावा लागतो तो डोळ्याला आणि हाताला.

म्हणून जाणता माणूस पुंगळीचा कारखाना बदलला की जुना बार तसाच पुढे चालवीत नाही. त्याच बंदुकीतून उडवलेली पुंगळी तो जळक्या टोपीसकट तोलतो; मग तोंडापर्यंत पाणी भरून पुन्हा तोलतो. फरक म्हणजे पोटाचे माप. नुसत्या पितळेच्या वजनावरून अंदाज होतो, खात्री होत नाही. कारण जास्तीचे पितळ बुडाच्या बाहेरच्या खाचेतही असू शकते. मग तो दारू दहाव्या हिश्श्याने कमी करून आरंभ करतो आणि बेताबेताने वाढवतो. टोपी चपटी होऊ लागली, खटका उघडताना अडू लागला, की थांबावयाचे. चांगल्या मार्गदर्शक पुस्तकांत दारूच्या आकड्याबरोबर पुंगळी कोणाची होती हेही छापलेले असते, ते याचसाठी.

ही शिस्त मला बंदुकीपेक्षा दफ्तरखान्यात अधिक उपयोगी वाटते. जुन्या कागदांत खंडी आणि मण यांचे आकडे पावलोपावली भेटतात; पण मण प्रांतोप्रांती वेगळा होता. एका प्रांताचा आकडा दुसऱ्याच्या मापात ओतून आपण सुकाळ-दुष्काळाचे निर्णय देतो. बंदूकबाजाला अशा विसराचे प्रायश्चित्त तत्क्षणी मिळते. आम्हा इतिहासवाल्यांना ते मिळत नाही. म्हणून आकडा उचलताना तो कोणत्या भांड्यात मोजला होता, हे आम्हीच अधिक जपून पाहावयास हवे.