हात बसायचा कुठे?

६ मे १९५३. फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं. २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुस म्हणजे शेजारचं यंत्र! आधीचा सराव मांजरांवर, कुत्र्यांवर झालेला. पुढचे रुग्ण दगावले, तेव्हा गिबननी यंत्र बाजूला ठेवलं.

आता बघा, टाकीतलं रक्त संपलं तर काही सेकंदांत नळी बंद करायची, नाहीतर हवा मेंदूत. हा प्रसंग शिकाऊ माणसाला वरिष्ठाशेजारी उभं राहून दिसत नाही, दिसूही नये. मग हात बसायचा कुठे? वैमानिकांना १९३०च्या दशकातच लिंकची खोटी विमानं मिळाली. पर्फ्युजनिस्टांना संगणकावर चालणारा ‘ऑर्फियस’ हा खोटा रुग्ण मिळाला एकविसाव्या शतकात. (पाताळातून बायकोला आणायला गेलेल्याचं नाव, ठेवणारा रसिक असावा!) त्याला खऱ्या यंत्राच्या नळ्या जोडतात. शिक्षक न सांगता टाकी रिकामी करत नेतो, आणि विद्यार्थ्याचा हात चिमट्याकडे कधी जातो ते घड्याळावर बघतो.