एरंडेलाचा रविवार

जुन्या जालन्यात, आनंदी स्वामींच्या मंदिरामागच्या गल्लीत आमचं घर. तिथं महिन्यातला एक रविवार एरंडेलाचा असायचा. बांधावरच्या एरंड्या आजी खापरात भाजायची, उखळात कुटायची, पाण्यात उकळायची आणि वर आलेलं तेल पळीनं काढून घ्यायची. गाळलेलं आमच्या पोटासाठी, उरलेलं काळं बैलगाडीच्या आसाला वंगण. पहाटे सुंठेच्या काढ्यात ते तेल घालून वाटी पुढं यायची. मग दिवसभर आजीचा एकच प्रश्न, "किती वेळा जाऊन आलास?"

हा प्रश्न किती जुना आहे, ते पुढं चरकसंहिता वाचताना कळलं. विरेचनात, म्हणजे जुलाब देऊन कोठा साफ करताना, १० वेग (जुलाब) झाले तर शुद्धी कमी, २० झाले तर मध्यम, ३० झाले तर उत्तम, असं तिथं मोजमाप आहे. त्यानंतर लगेच जेवण नाही, आधी पेज. आजीला अक्षरओळख नव्हती, पण संध्याकाळी ती पेजच द्यायची. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे वैद्यांच्या जोडीला हकिमी औषधंही चालत. त्यांच्या रीतीत आधी काही दिवस मुंजिज देऊन दोष पिकवायचे, मग मुसहिल, म्हणजे जुलाब. सोनामुखी, हिरडा, बहाव्याचा मगज दोन्हीकडं सारखेच.

कोठा साफ करायचं एवढं शास्त्र घरोघरी होतं. आत डोकावायची सोय मात्र गावात कुणाकडंच नव्हती. शौचातून रक्त पडलं की नाव एकच, मूळव्याध. माझ्या वडिलांचंही तेच झालं. दीड वर्ष सुरणाची भाजी, ताक आणि लेप. १९८८ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तेव्हा तो यकृतात पोचला होता. ते दीड वर्ष मला अजून टोचतं.

कारण तोवर डोकावायची सोय जगात झालेली होती. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी लवचिक नळीतून तारेचा फास सोडून आतड्यातला पॉलिप पोट न फाडता काढला. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली गाठ. काहींचा कॅन्सर होतो, पण त्याला बहुधा १० वर्षं लागतात. तेवढा वेळ हातात असतो! सुरुवातीला तिथंही नळी घालण्याआधी पोट साफ करायला एरंडेलच देत. १९८० च्या सुमारास जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं क्षारयुक्त पाणी तयार केलं. ते अंगात शोषलं जात नाही आणि अंगातलं पाणी फारसं ओढूनही घेत नाही.

आपल्या आरोग्य केंद्रांत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी होते, आतड्याची नाही. नळीच्या तपासणीला आपणच जावं लागतं. वडिलांना किंवा भावंडांना हा आजार झाला असेल तर चाळिशीतच. मी ६१ व्या वर्षी गेलो, उशिराच.

तपासणीच्या तीन दिवस आधीपासून भाकरी, मेथी, तीळ, पेरू बंद. मऊ भात आणि ताक. आदल्या दिवशी नुसतं पातळ: शहाळ्याचं पाणी, चोथा गाळलेला मोसंबीचा रस. औषधाचं पाणी निम्मं संध्याकाळी, निम्मं पहाटे. पहाटेचे पेले घशाखाली उतरेनात, तेव्हा आजीची सुंठेची वाटी आठवली. सकाळी संभाजीनगरला नर्सनं विचारलं, "आता कसं होतंय? रंग कसा आहे?" पिवळसर, स्वच्छ पाण्यासारखं, असं सांगितल्यावरच आत घेतलं. गुंगीत काही कळलं नाही. दोन पॉलिप निघाले. दोन्हींत कॅन्सर नव्हता.

घरी आल्यावर धाकट्या भावाला फोन लावला. तो ५२ वर्षांचा.

"मला काहीच त्रास नाही, दादा."

"मलाही नव्हता," मी म्हणालो आणि त्याच्यासाठी घेऊन ठेवलेली तारीख सांगितली.