‘रिकॅल्क्युलेटिंग...’ : काचेवरच्या वाटाड्याचा इतिहास

मंडळी, २००५ ते २०१२ च्या दरम्यान ज्यांनी सिंगापुरात गाडी बाळगली, त्यांना पुढच्या काचेवर उमटणारा तो गोल डाग नक्की आठवत असेल. सक्शन कपचा डाग! त्या कपाला लटकलेला असायचा तळहाताएवढा एक डबा. कुणाकडे गार्मिन, कुणाकडे टॉमटॉम, कुणाकडे मिओ, तर कुणाकडे पापागो. वळण चुकलं की आतली बाई न रागावता, न कंटाळता म्हणायची, “रिकॅल्क्युलेटिंग...” आणि ‘बुकित’, ‘लोरोंग’, ‘जालान’ या शब्दांचे असे काही उच्चार करायची, की मागच्या सीटवरची मुलं खिदळायची. या डब्याला आपण सगळे सरसकट ‘जीपीएस’ म्हणायचो.

खरं म्हणजे जीपीएस हे त्या डब्याचं नाव नव्हेच. त्या डब्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र नांदत होत्या. एक, आकाशातून फुकट येणारी खूण. दुसरी, पैसे मोजून घेतलेला नकाशा. आकाशातली खूण रोज ताजी. नकाशा मात्र भाजीसारखा, विकत घेतल्या दिवसापासून शिळा व्हायला लागणारा. तो ताजा ठेवायचा कोणी आणि त्याची किंमत मोजायची कोणी, हा खरा प्रश्न. या डब्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो आणि डबा काचेवरून उतरला तरी तो प्रश्न काही सुटलेला नाही.

शिळ्या नकाशाचा जुना बळी

हा प्रश्न मोटारगाड्यांच्या कितीतरी आधीचा आहे. सिंगापूरच्या पूर्वेला, चाळीसेक किलोमीटरवर, पेड्रा ब्रांका नावाच्या खडकावर १८५१ साली बांधलेलं हॉर्सबर्ग दीपगृह आहे. हे नाव ज्याच्यावरून पडलं तो जेम्स हॉर्सबर्ग तरुणपणी ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजावर अधिकारी होता. १७८६ साली बटाव्हियाहून सिलोनकडे जाताना हे जहाज दिएगो गार्सिया बेटावर आपटून फुटलं. कारण? चुकीचा नकाशा! जहाजाचं नाव ‘अ‍ॅटलस’ आणि ते बुडालं नकाशापायी, दैवाची थट्टा म्हणतात ती हीच.

हॉर्सबर्ग वाचला, मुंबईला आला आणि चीनशी व्यापार करणाऱ्या मुंबईच्या एका मोठ्या जहाजावर नोकरीला लागला. पुढची अनेक वर्षं मुंबई, कलकत्ता आणि चीन अशा फेऱ्या करताना तो खडक, खोली, वारे, प्रवाह सगळं टिपून ठेवत गेला. त्यातून पूर्वेकडच्या सागरी मार्गांची मार्गदर्शिका तयार झाली. १८१० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपला हायड्रोग्राफर नेमलं. त्या मार्गदर्शिकेच्या पुढे सुधारलेल्या आवृत्त्या निघत राहिल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर, अपडेट्स!

जमिनीवर हेच काम सिंगापुरात स्ट्रीट डिरेक्टरी करायची. १९५० च्या दशकात सरकारी सर्व्हे खातं ती काढायचं. पुढे कित्येक वर्षं गाडीत किंवा टॅक्सीत हे जाडजूड पुस्तक असायचंच. चालवणारा रस्त्याकडे बघणार आणि शेजारचा मांडीवर पुस्तक घेऊन पानं उलटणार. हवा असलेला रस्ता नेमका पानाच्या कडेला संपायचा, ‘पुढे अमुक पानावर पाहा’! तोवर एक्झिट मागे गेलेला. मग पुढचे दहा मिनिटं गाडीत एसीची गरज नाही, इतका थंडावा!

आकाशातली खूण फुकट कशी झाली

जीपीएसचा पहिला उपग्रह अमेरिकेने फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडला. हेतू निव्वळ लष्करी होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि ते पाडण्यात आलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं, की ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठीही खुली राहील. १९९५ मध्ये ती पूर्ण क्षमतेने चालू झाली.

यातली युक्ती साधी आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह अणुघड्याळं घेऊन फिरतात आणि ‘मी इथे आहे आणि आत्ता एवढे वाजलेत’ असं सतत सांगत राहतात. चार उपग्रहांचं बोलणं किती उशिराने ऐकू आलं यावरून आपला डबा स्वतःची जागा काढतो. लक्षात ठेवा, डबा फक्त ऐकतो. उलट काही बोलत नाही. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला कधीच कळत नाही.

सुरुवातीला नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, जवळजवळ १०० मीटरची. समुद्रात हे चालून जाईल. सिंगापुरात १०० मीटर म्हणजे भलताच एचडीबी ब्लॉक! राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही चूक मिसळणं बंद झालं, तेव्हा आपल्या घड्याळात २ मे २००० ची दुपार होती. त्या दुपारनंतर वीसेक मीटरच्या आतबाहेरचा अंदाज सगळ्या जगाला फुकट मिळू लागला आणि काचेवरच्या डब्याचा धंदा खऱ्या अर्थाने शक्य झाला. टॉमटॉमचा ‘गो’ २००४ मध्ये आला, गार्मिनचा ‘नूवी’ २००५ मध्ये. (गॅरी बरेल आणि मिन काओ या दोघांच्या नावांतून ‘गार्मिन’ झालं.)

सहा आकड्यांची सोय

या डब्याला सिंगापुरासारखी दुसरी सोयीची जागा नव्हती. कारण आपला पोस्टल कोड. १ सप्टेंबर १९९५ पासून इथे सहा आकडी कोड आला आणि प्रत्येक इमारतीला स्वतःचा कोड मिळाला. सहा आकडे दाबा, थेट ब्लॉकखाली उतरा. भारतातही पिन कोड सहा आकडीच. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्यामागे होते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस! पण तिकडे एका कोडात एक अख्खा भाग येतो. त्यामुळे पुण्याला पिन कोड कळूनही शेवटी ‘मारुतीच्या देवळापाशी विचारा’ हे उरतंच.

सिंगापुरात अडचणी होत्या त्या वेगळ्या. शेंटन वेच्या उंच इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरींनी डबा गोंधळायचा. टेलोक ब्लांगा रोड आणि त्याच्या डोक्यावरून जाणारा वेस्ट कोस्ट हायवेचा पूल, यातल्या नेमक्या कुठल्या मजल्यावर गाडी आहे हे त्याला उमगायचं नाही. बोगद्यात तर काय, आकाशच नाही!

गाव बदलतं, नकाशा बदलत नाही

आणि आता मुख्य दुखणं. स्वातंत्र्याच्या वेळी हे बेट सुमारे ५८० चौरस किलोमीटर होतं, आज ७३० च्या वर गेलंय. ज्या देशाचा किनाराच समुद्रात सरकत जातो तिथे नकाशा किती दिवस टिकणार? २००७-०८ मध्ये दोन टप्प्यांत केपीई सुरू झाला, बारा किलोमीटरपैकी नऊ बोगद्यात. २९ डिसेंबर २०१३ ला एमसीई उघडला. त्याचा एक तुकडा समुद्राच्या तळाखालून जातो. त्या दिवशी ईसीपीवरून सरळ एवायईला लागायची जुनी वाट बंद झाली आणि ईसीपीच्या एका भागाचं शियर्स अ‍ॅव्हेन्यू झालं. ज्याने नकाशा अपडेट केला नव्हता त्याचा डबा आता नसलेल्या रस्त्याकडेच बोट दाखवत बसणार, आणि आज्ञा पाळली नाही की “रिकॅल्क्युलेटिंग...”! शिवाय ईआरपीच्या कमानी वाढायच्या, हलायच्या. त्यांची आगाऊ सूचना हवी तर तीही ताजीच हवी.

अपडेट करणं म्हणजे एक रविवारचं काम. डबा काचेवरून काढा, यूएसबी केबल शोधा (ती कधीच जागेवर नसे), काँप्युटरला जोडा, खातं उघडा, सीरियल नंबर टाका आणि डाउनलोडची पट्टी सरकताना बघत बसा. मध्येच समजायचं, की जागा पुरत नाही, मेमरी कार्ड आणा. आणि पैसे? काही वेळा नव्या नकाशाची किंमत पाहून वाटे, त्यात थोडे घालून नवा डबाच घ्यावा! अनेकांनी तेच केलं. गार्मिनने २००९ मध्ये ‘लाइफटाइम’ नकाशांची योजना आणली. पण लाइफटाइम म्हणजे कुणाचं आयुष्य? बारीक अक्षरात उत्तर होतं: डब्याचं. आपलं नव्हे.

खरी किंमत डब्याची नसून नकाशाची आहे हे कंपन्यांना आपल्या आधी कळलं होतं. जगाचे रस्ते नोंदवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या होत्या. २००८ मध्ये त्यातली टेली अ‍ॅटलस टॉमटॉमने सुमारे २.९ अब्ज युरोला घेतली आणि नॅव्हटेक नोकियाने ८.१ अब्ज डॉलरला.

फुकटचा नकाशा, पण कष्टाचा

याच काळात आपल्या परिसरात एक सुंदर गोष्ट घडली. मलेशिया आणि सिंगापूरमधल्या काही हौशी लोकांनी मिळून गार्मिनसाठी ‘मालसिंगमॅप्स’ नावाचा नकाशा उभा केला. ही मंडळी आपापल्या डब्यात प्रवासाचा माग साठवायची, नवे रस्ते, पेट्रोल पंप, खाण्याच्या जागा नोंदवायची आणि सगळं एकत्र करून नवी आवृत्ती कुणालाही फुकट द्यायची. जोहोरची सीमा ओलांडून मलाक्का, क्वालालंपूरला गाडीने जाणाऱ्या सिंगापूरकरांना अशा नकाशाचं मोल वेगळं सांगायला नको. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप याच जातीचा. गावकऱ्यांनी मिळून विहीर खणावी, तसा हा नकाशा. आपण काय देतोय आणि कशासाठी, हे देणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

डबा उतरला

२८ ऑक्टोबर २००९ रोजी गूगलने अमेरिकेत फोनवर वळणावळणाला बोलणारं फुकट नेव्हिगेशन जाहीर केलं आणि त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर्स धाडकन कोसळले. पुढच्या काही वर्षांत काचेवरचे डबे एकेक करून ग्लव्ह कंपार्टमेंटमध्ये, मग घरातल्या खणात गेले. गार्मिन संपली नाही. ती घड्याळं, विमानं आणि बोटींकडे वळली.

खणातल्या डब्यांवर शेवटचा घाव पडला ७ एप्रिल २०१९ च्या सकाळी आठच्या सुमारास. जीपीएस ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजतं, पण जुन्या पद्धतीत तो आकडा १०२३ च्या पुढे जात नाही, पुन्हा शून्यावर येतो. पहिल्यांदा हे ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, दुसऱ्यांदा त्या सकाळी. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर वेळेत बदललं नव्हतं, त्यांतली काही थेट वीस वर्षं मागे गेली! म्हणजे आकाशातली खूण शिळी होत नाही हे खरं, पण ती ऐकणारे कान मात्र शिळे होतात.

आता फोनचा नकाशा आपोआप ताजा असतो. यूएसबी नाही, पैसे नाहीत, रविवार मोकळा. मग किंमत कोण मोजतं? आपणच. डबा नुसता ऐकायचा. फोन ऐकतो आणि बोलतोही. पीआयईवर ट्रॅफिक तुंबल्याची लाल रेघ दिसते, ती तिथे अडकलेल्या हजारो फोनांनी आपापली जागा कळवल्यामुळे. मालसिंगमॅप्सचे हौशी लोक जाणूनबुजून देत होते, आपण न कळत देतो आहोत. नोव्हेंबर २०२३ पासून सिंगापूरच्या गाड्यांत ईआरपीसाठी नवं ओबीयू यंत्र बसवायला सुरुवात झाली. तेही उपग्रहावर चालणारं. म्हणजे उपग्रहाशी जोडलेला डबा पुन्हा गाडीत आला, पण या वेळी तो घ्यायचा की नाही हे आपल्या हातात नव्हतं.

यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हिशेब माहीत असावा. आणि दोन-तीन गोष्टी सहज करता येतील. मलेशियाला निघण्याआधी फोनमध्ये नकाशा उतरवून घ्या, म्हणजे नेटवर्क नसतानाही तो जुन्या डब्यासारखा इमानाने चालेल. खणातला डबा टाकून देणार असाल तर आधी त्यातलं ‘होम’ पुसा. आपल्या घराचा पत्ता आणि तिथवरची वाट त्यात आयती आहे. बॅटरीसकट तो कचऱ्याच्या शूटमध्ये न टाकता ई-कचऱ्यासाठी काय सोय आहे ते बघा. आणि मुलांना कधीतरी फोन बंद करून विचारा, “आपलं घर इथून कुठल्या दिशेला?” उत्तर चुकलं तर रागावू नका. न रागावता पुन्हा वाट शोधायची, एवढं तरी त्या डब्यातल्या बाईकडून शिकण्यासारखं आहेच!

दिवाळीच्या शुभेच्छा, आणि फराळाला येताना वाट चुकलात तर ब्लॉकखालच्या काकांना विचारा. त्यांचा नकाशा अजून ताजा आहे.