मंडळावरची खुर्ची

१९७१ च्या जानेवारीत पेनसिल्व्हेनियातल्या पालकांच्या एका संघटनेने आपल्याच राज्यावर खटला भरला. पहिलीत जायच्या वेळी ज्याचं मानसिक वय पाच वर्षांचं भरत नाही, अशा मुलाला शाळेने प्रवेश नाकारावा, अशी मुभा तिथला कायदाच देत होता. राज्य फार काळ लढलं नाही. ऑक्टोबरातच तडजोड झाली. पुढच्या वर्षी राजधानी वॉशिंग्टनमधल्या मिल्स नावाच्या अशाच एका खटल्यात न्यायालयाने ‘पैसे नाहीत’ ही सबबही फेटाळून लावली.

मग अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५ चा कायदा आला. देशातली दहा लाख अपंग मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत, अशी कबुली अमेरिकी काँग्रेसने त्यातच नोंदवली. अध्यक्ष फोर्ड यांनी सही केली, पण कुरकुरत. केंद्राला पेलणार नाहीत एवढी आश्वासनं यात आहेत, अशी त्यांची तक्रार होती.

याच कायद्याने प्रत्येक राज्याला विशेष शिक्षणासाठी सल्लागार मंडळ नेमायला लावलं. शिक्षक, अधिकारी, पालक आणि स्वतः अपंग माणसं त्यावर बसणार. मुलांच्या कोणत्या गरजा भागत नाहीत ते शिक्षण खात्याला सांगायचं, नव्या नियमांवर जाहीर मत द्यायचं. अधिकार फक्त सल्ल्याचा! निम्म्याहून अधिक सदस्य अपंग किंवा अपंग मुलांचे पालक असलेच पाहिजेत, ही अट यायला मात्र १९९७ साल उजाडलं.

प्रत्येक राज्यात अपंगांची एक राज्य परिषदही असते. या परिषदा मंडळांहून जुन्या, १९७० च्या. विकासात्मक अपंगत्व असलेल्यांसाठी काढलेल्या या परिषदांत सुरुवातीपासून किमान एक तृतीयांश जागा सेवा घेणाऱ्यांच्या प्रतिनिधींना होत्या. २००० च्या कायद्यात अपंग व्यक्ती आणि त्यांच्या घरच्यांचा वाटा किमान ६० टक्क्यांवर गेला.

गंमत पुढेच आहे. परिषदेवर विशेष शिक्षणाचा निधी सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस घ्यावाच लागतो. उलट बाजूने तशी सक्ती नाही. मंडळावर कोण असावं, याच्या केंद्रीय यादीत विद्यापीठं आहेत, खासगी शाळा आहेत, तुरुंग खातंसुद्धा आहे. परिषदेचं नाव कुठेच नाही. ती शिरते ‘इतर राज्य यंत्रणा’ या कलमातून, नाहीतर शाळेनंतरच्या आयुष्याची तयारी करून देणाऱ्या संस्थांच्या जागेवर. नेमणूक गव्हर्नरच्या किंवा राज्याने ठरवलेल्या अधिकाऱ्याच्या हाती. त्यामुळे राज्याने स्वतःच्या नियमांत परिषदेची जागा लिहून ठेवली नसेल, तर दर नेमणुकीला तिला नव्याने वशिला लावावा लागतो.