समान शब्द, भिन्न अवयव : भारतीय भाषांतील शारीर परिभाषा

आधुनिक शारीरशास्त्र भारतीय भाषांतून शिकविण्याचा पद्धतशीर प्रयत्न कलकत्त्यात १८२२ साली स्थापन झालेल्या नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशनमध्ये झाला. पीटर ब्रेटन यांनी १८२५ मध्ये शरीरावयवांच्या नावांचा इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी व संस्कृत असा पंचभाषी कोश सिद्ध केला. १८२६ मध्ये मुंबईतही अशी शाळा निघाली. ती १८३२ मध्ये बंद पडली. १८३५ मध्ये कलकत्त्याची संस्थाही बंद होऊन तेथे इंग्रजी माध्यमाचे मेडिकल कॉलेज आले.

एका भाषेतील अवयवनामासमोर दुसऱ्या भाषेतील नाम ठेवता येते, हे अशा कोशांचे गृहीतक होय. सुश्रुतसंहितेत ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे पेशी म्हणजे मांसाचे पुंज, तर स्नायू म्हणजे सांधे व अवयव बांधून ठेवणारे बंध. पुढे मराठीत ‘स्नायू’ हे नाव मांसल अवयवाला मिळाले आणि ‘पेशी’ हा सजीवाचा सूक्ष्म मूलघटक ठरला. हिंदीत पेशी मांसाचीच राहिली व मूलघटकासाठी ‘कोशिका’ हा शब्द रूढ झाला. बंगालीत तर ‘स्नायू’ म्हणजे मज्जातंतू.

म्हणजेच मराठी रुग्णाने सांगितलेले स्नायूचे दुखणे बंगाली डॉक्टरला मज्जातंतूचे वाटू शकते. संस्कृतोद्भव शब्द सर्वत्र समान असले, तरी अर्थ समान असतोच असे नाही. म्हणून अखिल भारतीय परिभाषेचा पाया शब्दसाम्यावर नव्हे, तर प्रत्येक भाषेतील नेमक्या व्याख्येवर घातला पाहिजे.